फोरमनचं नाक जागं होतं

जाळी

सांडपाणी प्लांटमध्ये शिरलं की आधी जाळीपाशी येतं. चिंध्या, चपला, एकदा तर आख्खी कवळी. पुढे जाऊन घोळ घालेल असं सगळं तिथे अडकतं. या गोष्टीत पुढे घोळ घालणारी वस्तू एकच आहे. फोरमनचा शब्द.

लग्नानंतर तो बायकोला घेऊन कुंपणालगतच्या क्वार्टरमध्ये आला, तेव्हा ती उंबऱ्यातच नाक दाबून उभी राहिली.

"इथे राहायचं? या वासात?"

"कसला वास?" फोरमन म्हणाला.

खोटं बोलत नव्हता बिचारा. मिसरूड फुटल्यापासून तो क्लोरीनच्या खोलीत होता. सिलिंडर बदलायचे, नळ्या तपासायच्या, साफ झालेल्या पाण्यात शेवटी क्लोरीन सोडायचा. त्या वायूने जंतूंबरोबर त्याच्या नाकाचाही निकाल लावला होता. नाक उरलं होतं ते चष्मा टेकवायला.

"ज्या दिवशी मला वास येईल," तो छाती ठोकून म्हणाला, "त्या दिवशी सामान बांधू. शब्द म्हणजे शब्द."

बायकोने नाक सोडलं आणि शब्द धरला.

गाळ

इथे पाणी नुसतं बसून राहतं. जड असेल ते तळाला जातं.

वर्षं गेली. मुलगी मोठी होऊन परगावी नांदायला गेली. क्वार्टरच्या मागे फोरमनने प्लांटच्या पाण्यावर वांगी लावली. ती अशी माजली की एक वांगं आणायला दोन्ही हात लागत. कामावर जायला कुंपणातलं भोक पुरे. बायकोच्या भावाच्या बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट रिकामा होता. पण त्या बिल्डिंगमध्ये मेहुणा भरलेला होता. हा मेहुणा भेटला की आधी डावा गुडघा सांगायचा, मग उजवा. फोरमनला क्वार्टर सोडायचं नव्हतं ते या दोन गुडघ्यांमुळे.

शब्द तळाला पडून होता.

हवा

(या टाकीत खालून हवा सोडतात. सगळं खदखदतं.)

"साहेब, म्हणजे आता नुसते दिवे?"

"यूव्ही दिवे. पाण्यात बुडवलेले. पाणी त्यांच्यासमोरून गेलं की जंतू खलास."

"मरतात?"

"मरतात असं नाही. त्यांना पोरं होत नाहीत."

"मग म्हातारपणी त्यांचं कोण बघतं?"

"फोरमन, क्लोरीनने नदीतले मासे मरतात, दिव्यांनी नाही मरत. सिलिंडर गळायची भीती नाही. आणि तो डोक्यात जाणारा वास नाही."

"कसला वास?"

साहेबांनी कपाळाला हात लावला.

दिवे

क्लोरीन बंद झाला. दिव्यांची चाचणी सुरू झाली. फोरमन रोज पॅनेलसमोर उभा राहून हिरवे आकडे बघायचा आणि नाकातल्या नाकात काहीतरी हलतंय असं त्याला वाटायचं.

आधी साबण आला. आंघोळ करताना तो दचकला. वडी हातातून सुटली. मग मोजे. घरात उंदीर मेलाय म्हणून त्याने कपाट ओढून पाहिलं, पलंग ओढून पाहिला, शेवटी खाली बसला आणि उंदीर त्याच्या पायातच निघाला.

आणि एके सकाळी तो वांग्यांपाशी चहा घेत असताना वारा फिरला. गाळाच्या टाकीवरून थेट.

"अगं आई गं!"

कप तिथेच टाकून तो आत आला आणि त्याने खिडकी लावली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

"खिडकी का लावली?" बायको.

"वारा येतोय."

"तो तर रोजच येतो."

बायकोच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तिने धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं.

मेहुणी सोप्यात रुमाल नाकाला लावून बसली. "दाजी, कसं राहता हो इथे?"

"का? काय झालं?" दाजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"रडताय?"

"तुला बघून आनंद झाला."

"मला बघून? ताई, यांना डॉक्टरला दाखव."

इस्त्री

(ही प्लांटमध्ये नसते. गोष्टीत आहे.)

दिव्यांच्या उद्घाटनाच्या सकाळी बायकोने फोरमनची एकुलती एक चांगली पँट टेबलावर पसरली, तिच्यावर गरम इस्त्री ठेवली आणि ती मटार सोलायला बसली. समोर फोरमन पेपर धरून.

जळका वास आला. फोरमनने पान उलटलं.

वास वाढला. बायको एक एक दाणा जपून काढत होती, आणि नजर त्याच्या नाकपुड्यांवर. फोरमनने मेहुण्याचा डावा गुडघा आठवला. मग उजवा. त्याने पेपर घट्ट धरला.

धूर निघाला.

"अगं बाई," बायको सावकाश म्हणाली, "पँट जळाली की हो."

"हो का? मला कुठे वास येतो!"

गड राखला, पण पँटच्या मागे इस्त्रीएवढी खिडकी पडली.

नदी

उद्घाटनाला कुंपणापलीकडचे सगळे रहिवासी खुर्च्यांवर. फोरमन मंचावर भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखा सरकत. दिवे कधीचेच चालू होते, म्हणून पाहुण्यांसाठी बटणाला एक साधा बल्ब जोडला होता. पाहुण्यांनी बटण दाबलं. बल्ब लागला. टाळ्या.

"एवढाच?" पाहुणे कुजबुजले.

"खरे झाकणाखाली आहेत. बघितले तर डोळे जातील," साहेब म्हणाले आणि माईककडे वळले. "क्लोरीन गेला, वास गेला! विश्वास बसत नसेल तर आमच्या फोरमनना विचारा. जन्म इथे गेलाय त्यांचा. या, सांगा. येतो का वास?"

फोरमन माईकपाशी सरकला. पहिल्या रांगेत बायको, हातात पर्स, पाठ ताठ. नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. त्यासाठी त्याने श्वास घेतला.

वारा फिरला होता.

डोळे भरले. चष्मा नाकावरून घसरला. सगळे वाट बघत होते. फोरमनने नाक दाबलं आणि त्याचा गेंगाणा आवाज कर्ण्यांतून चारी दिशांना गेला:

"सामान बांध!"

लोकांना वाटलं काहीतरी घोषणा आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या. बायको तेवढी उठली आणि खालूनच म्हणाली, "कालच बांधलंय."

तो वळला तेव्हा खिडकी सगळ्यांना दिसली. टाळ्या वाढल्या.

पुढे

फ्लॅटमध्ये वांग्याच्या दोन कुंड्या आहेत. भिंतीपलीकडे मेहुणा दोन्ही गुडघ्यांना बाम चोळतो, आणि तो बाम भिंतीला जुमानत नाही. पहिल्याच संध्याकाळी फोरमन नाक धरून उभा राहिला.

"अगं, काय हा वास!"

बायकोने पडदा लावता लावता मागे पाहिलं. भाऊ तिचा होता.

"कसला वास?" ती म्हणाली.