शेंदराखालचं नाक

मूल गावचा अख्खा बाजार एका मोटारीभोवती लोटला होता. चांद्याला निघालेली ती मोटार म्हणे रक्त ओकत होती! इंजिन धडधडत होतं, लाल ओघळ गळत होते आणि तेल मोजायची सळई आपोआप वर उसळत होती.

"मायनं जीभ काढली!" झाडू नावाचा भगत घुमत ओरडला. "बकरा पायजे! नाई तं एकाले जित्तं सोडत नाई!"

मोटारीत गावातल्या लटारूची बायको रंभा बाळंतपणात अडलेली. तिला चांद्याच्या दवाखान्यात न्यायचं, म्हणून लटारूच बकऱ्यासाठी धावला. ड्रायव्हर बाबुलालने इंजिन बंद केलं. बकरा कापला, सळई गप्प बसली, जयजयकार झाला. इंजिन सुरू होताच जीभ पुन्हा बाहेर.

"मायले एक पुरला नाई," भगत मिशी पुसत म्हणाला.

एवढ्यात शाळेतले गुणवंतराव मास्तर आले. लढाईत त्यांनी लष्कराच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या. इकडे रंभा कण्हतेय, तिकडे भगताचा डोळा मटणावर! मास्तरांना शिसारी आली. त्यांनी लाल ओघळात बोट बुडवून वास घेतला. तेल होतं, शेंदरानं लाल झालेलं.

"इंजिनावर हा गोटा कायचा, बाबुलाल?"

"भगतानं देव सांगतला जी. दर बाजाराले शेंदूर लावतो."

"अबे, हे इंजिनाचं नाक हाय! आतला धूर इथून निंघते. तुमी थेच बुजवून राह्यले! कोंडलेला धूर तेल बाहीर ढकलते, सळई उडवते. इंजिन बंद केलं का जोर सरते. बकऱ्याचा काय संबंध?"

"हात नोको लावू, कोप होईन!" भगत किंचाळला.

मास्तरांनी शेंदराची पुटं खरवडली, त्या नाकाच्या टोपणातली जाळी रॉकेलात धुतली, फुंकून पाहिली आणि नवं तेल भरलं. इंजिन सुरू झालं. सळई जागची हलली नाही. मटणाचा वाटा घेऊन भगत केव्हाच सटकला होता.

दवाखान्यात पोहोचायला उशीर झाला होता; रंभा वाचली, बाळ गेलं. ती परतली तेव्हा हा निर्लज्ज भगत पुन्हा दारात हजर. "शेंदूर खरवडला, म्हणून मायनं लेकरू नेलं!"

रंभा भिंतीला धरून उठली. "तुमी बकरा कापून राह्यले होते ना, तवा माहं लेकरू पोटात हालत होतं."

मास्तर अंगणात जमलेल्या लोकांकडे वळले.

"आतातरी आयका," मास्तर म्हणाले. "देवी कोपली म्हनून कोनी सांगतलं, तं आधी कारन पाहा. अन् अडलेल्या बाईले कोन्या देवासाठी थांबवू नोका."