पाटीचा खालचा अर्धा भाग

मित्रांनो, मी शाळेच्या कोठीतली एक जुनी लाकडी पाटी आहे. एरवी माझ्यावर डस्टरांचा ढीग असतो. पण मतदान आले की मला पुसून दाराशी टांगतात.

एका रंगाऱ्याने तीन दिवस खपून मला रंगवले. वरच्या अर्ध्या भागात गावाच्या भाषेत आणि खाली ओढ्यापलीकडच्या विणकरांच्या भाषेत त्याने एकच मजकूर लिहिला : चिठ्ठीवर फक्त शिक्का मारा, काही लिहू नका. विणकरांची घरे जेमतेम चाळीस. ती माणसे ठेवणीतले कपडे घालून येत, माझ्यापुढे थांबत. एक जण मोठ्याने वाचे, बाकीचे ऐकत. दारातच आपली भाषा भेटली याचे त्यांना केवढे अप्रूप! खरे सांगते, मला माझ्या खालच्या भागाचाच जास्त तोरा होता. ते दिवस फार आठवतात.

मग नवे हेडक्लार्क आले. "चाळीस घरांसाठी अर्धी पाटी? खालचं पुसा. वरची अक्षरं मोठी करू," ते म्हणाले. रंगाऱ्याने काचकूच केली. पण हुकूम तो हुकूम. त्याने पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. मोठी अक्षरे मात्र आजवर कुणी काढली नाहीत.

त्या मतदानाला विणकरांमधली एक आजी सर्वांच्या पुढे होती. साठी उलटल्यावर ती नुकतीच आपल्या लिपीत नाव लिहायला शिकली होती. काय करायचे, असे तिने दाराशी उभ्या हेडक्लार्कसाहेबांना खुणेने विचारले.

"पाटीवर सगळं लिहिलंय, आजी. वाचा की!"

आजी माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. खाली नुसता पांढरा रंग, कपाळ! तिने शिक्का मारला आणि मत आपलेच आहे हे कळावे म्हणून शेजारी नाव लिहिले. मागच्यांनाही तिने तसेच सांगितले. मोजणी इथेच झाली. शिक्के बरोबर जागी होते, तरी सदतीस चिठ्ठ्या बाद झाल्या. का, ते ओढ्यापलीकडे कुणी सांगितले नाही.

काल आजीची सून शेजारणीबरोबर कोठी झाडायला आली होती. त्यांची भाषा इथे कळते ती फक्त मला.

"सासूबाई रोज नाव गिरवतात," सून म्हणाली. "मागच्या वेळी अक्षर वाईट आलं म्हणून मत गेलं, म्हणतात. या वेळी बोट ठेवायला जागा नको."

मित्रांनो, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. घरे थोडी म्हणून कुणाच्या ओळी पुसू नयेत. मला नवा रंग नको, मान नको. खालचा पांढरा थर तेवढा कुणीतरी खरवडा हो! मतदान परवावर आले आहे. नाहीतर आजी येईल, आणि फार सुंदर अक्षरात आपले नाव लिहील.