गुडघ्याची कॉपी

"आवाज आला की मणी डब्यात टाकायचा," द्वारका मॅडमनी तिसऱ्यांदा करून दाखवलं आणि त्या काचेपलीकडे गेल्या. शर्मिलाच्या मांडीवर बसलेल्या चार वर्षांच्या प्रियदर्शनीनं लाल मणी कानाशी धरला.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका दवाखान्यात अशीच कानांची तपासणी झाली होती. कागदावर 'नॉर्मल' आलं. सासूबाई म्हणाल्या, "मी सांगत नव्हते? हिचा बापही उशिरानंच बोलला." मग खराडीच्या कंपनीत आठवडाभर अमेरिकेच्या घड्याळाला जुंपलेली शर्मिला आठ महिने दर शनिवारी लेकीला स्पीच थेरपीला नेत राहिली. साखर म्हण, शाळा म्हण. पोरगी म्हणायची, आखय, आळा. शेवटी थेरपीच्या बाईंनीच हात टेकले. "हिला नेमकं काय ऐकू येतं ते कळल्याशिवाय मी अंधारात तीर मारतेय. पुन्हा तपासून आणा."

बंद खोलीत जाड, घुमणारा आवाज आला. मणी डब्यात. मग शिट्टीसारखा बारीक. मणी डब्यात. शर्मिलाचा जीव भांड्यात पडला.

"अहो आई," स्पीकरमधून मॅडम म्हणाल्या, "परीक्षा लेकीची आहे. कॉपी पुरवू नका."

"मी काहीच बोलले नाही हो."

"तुम्ही नाही, तुमचा गुडघा बोलतोय. शिट्टी आली की हलतो, ती त्यावर पेपर सोडवते. मागच्या वेळीही मांडीवरच होती?"

शर्मिलानं खाली आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. मांडीवरच होती.

"आता अजिबात हलू नका."

तिनं पाय फरशीवर रोवले. शिट्टी आली. प्रियदर्शनीचा हात डब्यावर थांबलेला, पाठ आईच्या छातीला टेकलेली. पुन्हा आली, जरा मोठी. ऐक ना गं बाळा. तिसरी तर कान टोचणारी. बोटभर हललं असतं तरी पोरगी पास झाली असती. शर्मिलानं श्वास कोंडून धरला. मणी मुठीतच राहिला.

मॅडम दार उघडून आत आल्या. "जाड आवाज येतात, म्हणून हाक मारली की वळते. बारीक येत नाहीत. स, श तिनं कधी ऐकलेच नाहीत, तर म्हणणार कुठून? आधी कानाला मशीन, मग थेरपी."

प्रियदर्शनीनं उरलेला मणी डब्यात टाकला आणि कौतुकासाठी मागं वळून पाहिलं.

"शाब्बास," शर्मिला म्हणाली.

"आब्बा," लेक खुशीत म्हणाली. घरात सगळ्यांना आजवर वाटायचं, लाडानं म्हणते.