पांढरा पटका

शहादेव पाटलांनी काखेतलं मांजरपाटाचं कापड ओट्यावर ठेवलं, आणि भामाबाई रंगारणीनं न विचारताच पळसफुलांच्या टोपलीकडे हात नेला.

"थांबा वैनी," पाटील म्हणाले. "रंग द्यायचा न्हाई."

"म्हंजी?"

"नुसता धुवा. खळ काढा, पांढराशिप्पट करा. सकाळी उन्हं वर यायच्या आत पारावर आणा."

एवढं बोलून पाटील उठले. दारापाशी थांबून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, दरसाल ठेवत तसंच, आणि दिवेलागणीच्या धुरात दिसेनासे झाले.

देवीची जत्रा तीन दिवसांची. कुस्त्या, गाणी, सोंगं. तिसऱ्या दिवशी पाच पंच देवळामागं बसून एकाला मानाचा पटका ठरवत, आणि चौथ्या दिवशी सकाळी तो पारावर बांधत. पैलवानाला गुलाबी, गाणाऱ्याला कुसुंबी, वाजवणाऱ्याला हिरवा, सोंगाड्याला पळसफुलांचा पिवळा. पंच नाव म्हणून उच्चारत नसत. फक्त रंग सांगत, तोही एकट्या रंगारणीला. ज्याच्या डोक्यावर पटका चढायचा त्यालासुद्धा पार गाठेपर्यंत पत्ता नसे. दस्तूरच होता तसा, आणि गाव त्याला नबाबाच्या हुकमाइतका मानत असे, किंबहुना थोडा जास्तच. त्या संध्याकाळी रंगारीण तोंडात सुपारी धरी. सुपारी असली की बोलणं आपोआप बेतानं होतं. रंगारणीचा नवराही त्या रातीला घरात झोपत नसे, कारण वाळत घातलेलं कापड काही सुपारी धरून बसत नाही.

भामाबाईनं सुपारी गालात ढकलली. पांढरा कुणाचा, हे कोडं तिला पडलंच नाही.

काल संध्याकाळी देवळापुढच्या दोन लिंबांच्या मधे एक मोठं पांढरं कापड ताणलं होतं. मोहनराव बायस्कोपवाले यांनी जालन्याच्या ठेसनावरून बैलगाडीत घालून एक यंत्र आणलं होतं. ते हातानं फिरवलं की कापडावर माणसं चालत, घोडे उधळत, आणि एक राणी रडे. आवाज काहीच नाही, तरी रडे. केशरबाई म्हातारीला राणीचं कपाळ मोकळं दिसलं म्हणून तिनं उठून कुंकवाचं बोट थेट कापडावर टेकवलं. शहादेव पाटील तर भर खेळात उठले आणि राणी कुठून येते ते बघायला कापडाच्या मागं जाऊन आले. परत आले तेव्हा कुणाशी बोलले नाहीत.

सगळं गाव आ वासून बसलं होतं. एकटा राधाकिशन पुढं सरकून डोळे बारीक करून बघत होता. राधाकिशन म्हणजे भामाबाईचा नवरा. वर्षभर रंगारी, आणि जत्रेत बाईचं सोंग घेणारा.

"ती राणी न्हाई," तो हळूच म्हणाला होता. "गडी हाय तो."

"काहीबी तुमचं!"

"मनगट बघ. पण पदर कसा सावरला बघितलास? कुणी बघत नसताना बाई सावरते तसा. कुठला असंल गं ह्यो माणूस?"

हे बोलताना त्याचा चेहरा असा काही झाला होता, की भामाबाईनं कापडावरून नजर काढून त्याच्याकडेच बघितलं.

त्याचं स्वतःचं सोंग पहिल्या दिवशी झालं होतं. माहेराहून सासरी निघालेली बाई. वीस वर्षं तो ते करत होता आणि वीस वर्षं गावातल्या बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. पटका मात्र कधी पैलवानाला, कधी ढोलकीला. अकरा वर्षांपासून, सासू गेल्यापासून, भामाबाईच रंग लावत होती. म्हणजे अकरा वेळा तो घोंगडी खांद्यावर टाकून देवळात झोपायला निघाला होता, अकरा वेळा दारातून त्यानं तिच्याकडे बघितलं होतं, आणि अकरा वेळा तिनं खाली बघून चुलीतली लाकडं सारली होती. यंदा सोंग उतरवताना तो म्हणाला होता, "झालं आपलं, भामे. पुढल्या साली ह्यो गुडघा ऐकायचा न्हाई."

आत्ताही तो घोंगडी घेऊन दारात उभा होता.

"जातो मंग."

"हं," सुपारीआडून भामाबाई म्हणाली, आणि लाकडं सारली.

तो दोन पावलं गेला तोच शेजारची रतनबाई कुडावरून डोकावली. "काय गं भामे, पळसाचा वास येईना तो? कुसुंबी हाय का गुलाबी? नुसती मान हलव, मी कुणाला सांगत न्हाई."

"तू न्हाई सांगत. तुझं तोंड सांगतंय."

"बोललीस की गं! सुपारी पडली का?"

रतनबाई हसत सुटली. भामाबाईनं दार लोटलं आणि राखेच्या पाण्यात कापड उकळायला टाकलं.

उजाडताना ती ओढ्यावर होती. रिठ्याच्या फेसातून कापड खळखळून काढलं, दगडावर आपटलं, पुन्हा पाण्यात सोडलं. कापड खरंच पांढरंशिप्पट झालं होतं. इतकं, की तिला त्याचा रागच आला. तेवढ्यात उतारावरून घुंगरांचा आवाज आला आणि बैलगाडी ओढ्यात उतरली. गाडीत यंत्राची पेटी, बांबू, गुंडाळलेलं कापड, आणि वर पाय सोडून बसलेले मोहनराव.

गाडीवानानं बैल पाण्याला लावले. मोहनरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"बाई, चकलांब्याची वाट हीच ना?"

भामाबाईच्या हातात त्यांचाच पटका होता. पाणी निथळत होतं.

"हीच," ती म्हणाली.

"पुढं गेवराईला जायचंय. उद्या तिथला बाजार." मोहनराव बोलके होते. "काय सुरेख धुतलंय हो! आमच्या पडद्याला तुमच्या गावानं कुंकू लावून ठेवलंय. आता गेवराईला घोड्याच्या पोटावर कुंकू दिसणार." ते स्वतःच हसले. मग मागं वळून म्हणाले, "पारावर घोंगड्या अंथरत होते. आज काही आहे का गावात?"

बैल पाणी पीत होते. सावकाश, नाकानं फुंकरत. भामाबाईनं सुपारी या गालातून त्या गालात नेली. दस्तूर होताच. पारावर चढेपर्यंत नाव फुटू द्यायचं नाही, ज्याचं त्यालासुद्धा नाही. पण "आज थांबा" एवढंच म्हटलं असतं तर त्यात नाव कुठं होतं? हे तिला तेव्हाच कळलं, मागाहून नाही.

"जत्रंचं उरकणं असतंय," ती म्हणाली.

"मग निघतो. ऊन व्हायच्या आत चकलांबा गाठायचा, दुपारभर तिथंच सावली."

गाडी पलीकडच्या चढावर गेली. भामाबाईनं कापड पिळलं, इतकं पिळलं की हात दुखले.

उन्हं पारावर आली तेव्हा गाव जमलं होतं. पितळेच्या ताटात पटका घेऊन शहादेव पाटील उभे राहिले. हलगी वाजली, थांबली. पाटलांनी गर्दीवरून नजर फिरवली, पुन्हा फिरवली. मग शेजारच्या पंचाच्या कानाला लागले. एक माणूस लिंबांकडे धावत गेला आणि मान हलवत परत आला.

"गेला? कवा गेला?"

"उजाडायलाच, म्हणत्यात."

"त्याला थांब म्हणून कुणी सांगितलं न्हाई?"

"सांगायचं असतंय का कधी?" दुसरा पंच म्हणाला. "आजवर कुणाला सांगितलंय?"

ते खरंच होतं. गावाला एवढाच दस्तूर ठाऊक होता, आणि बाहेरच्या माणसाला तो ठाऊक नसेल हे कुणाच्या ध्यानीमनी आलं नव्हतं. पाच पंच घोळका करून कुजबुजले. ताटात निघालेला पटका तसाच माघारी नेणं म्हणजे देवीचा अपमान. हलगीवाला एक पाय बदलून दुसऱ्या पायावर उभा राहिला. शेवटी पाटील घसा खाकरून म्हणाले,

"यंदाचा मानाचा पटका, राधाकिशन रंगारी!"

असा गलका उठला, की लिंबावरचे कावळे उडाले. बाया तर ओरडायलाच लागल्या. राधाकिशन मागं कुठंतरी भिंतीला टेकून उभा होता. तो क्षणभर तसाच राहिला, जणू दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलंय. मग लोकांनी वाट केली आणि तो लंगडत पुढं आला. त्याचा चेहरा भामाबाईनं लग्नात पाहिला होता तसा झाला होता. हेच तर तिला हवं होतं. तिनं डोळे भरून बघून घेतलं.

तो ताटापाशी आला, आणि त्यानं पटका पाहिला.

"अगं, पांढरा कावून?" रतनबाई मोठ्यानं म्हणाली. "सोंगाला पिवळा असतोय की!"

"वीस सालाचं सोंग हाय त्याचं," पाटील घाईनं म्हणाले. "सगळ्या रंगाच्या वरचा रंग ह्यो."

लोकांना ते पटलं. राधाकिशन मात्र रंगाऱ्याचा रंगारी. तो पटक्याकडे बघत होता, मग त्यानं लिंबांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघितलं, मग भामाबाईकडे. या वेळी सारायला चूल नव्हती. ती नुसतीच खाली बघत राहिली.

पाटलांनाही तेव्हाच काही आठवलं. ताट हातात धरूनच ते तिच्याकडे वळले.

"वैनी, पटका धुवायला तुमी पहाटं वढ्यावरच गेलत्या न्हवं? मंग ती गाडी..."

"पाटील!" राधाकिशन मोठ्यानं म्हणाला. दुखरा गुडघा टेकून तो धपकन खाली बसला आणि डोकं पुढं केलं. "बांधा लवकर. गुडघा लई ठणकाय लागलाय. न्हाईतर असाच बसून ऱ्हाईन बगा पुढच्या जत्रंपातूर!"

गाव खो खो हसलं. पाटीलही हसले आणि पटका उलगडू लागले. हलगी कडाडली. राधाकिशन उठला, त्यानं चारी दिशांना हात जोडले, आणि माहेराहून निघालेल्या बाईसारखा पदर डोळ्यांना लावल्याचा आविर्भाव केला. बाया हसता हसता रडल्या. त्यानं याहून चांगलं सोंग कधी केलं नव्हतं.

घरी माणसांची रीघ लागली. गूळ वाटून झाला, पाणी देऊन झालं, रतनबाई तीनदा येऊन गेली. मग घर रिकामं झालं. राधाकिशन पटका न काढताच भिंतीला टेकून बसला. भामाबाईनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली. त्यानं तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"गाडी माझ्यासमोरून गेली," भामाबाई म्हणाली.

"हं."

"त्यांनी इचारलंबी. आज काय हाय म्हणून."

"हं."

"मी सांगितलं न्हाई. दस्तूर म्हणून न्हाई. मला सांगायचंच न्हवतं."

राधाकिशननं तुकडा ताटात परत ठेवला. "ठाऊक हाय. तुझ्याकडं बघितलं तवाच कळलं."

"मंग कावून घेतलासा? तिथंच न्हाई म्हणायचं हुतं."

"न्हाई म्हणलो असतो, तर पाटलानं तुला पुरतं इचारलं असतं. समद्या गावाच्या म्होरं. अकरा सालं ह्या घरातून रंग फुटला न्हाई."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. बाहेर पारावर जत्रेची पालं उतरवत होते, बांबू पडल्याचे आवाज येत होते.

"त्या गड्याला आता कधी कळायचंबी न्हाई," राधाकिशन स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला. "त्यो राणीवाला. कुठं कुठं त्याला बघत्यात, त्यालाच ठाऊक नसंल. ह्यो पटका मिळाला असता, तर मोहनरावांनी निदान निरोप तर दिला असता त्याला."

भामाबाई उठली. दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या, पाण्याचा तांब्या भरला. लुगड्याचा काचा घट्ट केला.

"मोहनराव दुपारभर चकलांब्याला सावलीत थांबणार हायती," ती म्हणाली. "रतनीला संगं घेते. तिला काय सांगायचं ते वाटंनं बघते."

राधाकिशननं तिच्याकडे बघितलं. त्याचा हात पटक्याच्या कडेवर गेला, तिथल्या तिथं क्षणभर फिरला, आणि खाली आला. मग त्यानं तिच्यापुढं मान झुकवली.

ती त्याच्याजवळ बसली आणि पटक्याचा शेवट शोधू लागली.

"बेतानं," तो म्हणाला. "पाटलानं लई घट्ट बांधलाय."