मधली जागा

राजारामने वर्तमानपत्राचं कात्रण गुणाजीच्या टेबलावर ठेवलं, त्यावर बोट टेकवलं आणि म्हणाला, "हा बघ. हाच चेहरा काढायचा."

कात्रणात बंदोबस्तावरचा एक अधिकारी होता. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, मिशी बारीक कातरलेली, हातात छडी.

"मी ह्याला पाहिलेलं नाही," गुणाजी म्हणाला.

"त्या वेळी तू गॅलरीत उभा होतास का नव्हतास?"

"होतो."

"मग?"

"चेहरा नाही पाहिला, राजा."

राजाराम चाळ कमिटीचा सेक्रेटरी. दोघं एका वर्गात शिकलेले, एकाच नळावर भांडलेले. त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. "चाळीतले तिघं सांगतायत, हाच होता म्हणून. रविवारी गिरगावात चौकशी आहे. तिघांच्या बोलण्याला तुझं चित्र जोडलं की काम झालं. तुझ्या हातचा चेहरा अख्खं लालबाग ओळखतं."

हे मात्र खरं होतं. एकेकाळी गुणाजी फोटोवरून माणसं अशी काढायचा, की घरची बाई चित्रासमोर पदर सावरून उभी राहायची. चाळीतल्या दहा-बारा खोल्यांत त्याने काढलेले म्हातारे भिंतीवर टांगलेले होते. चार वर्षांपूर्वी त्याने ते काम सोडलं, ते सोडलंच.

ते १९५६ सालच्या जानेवारीचे दिवस. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या हाताखाली राहणार, असं रेडिओवर जाहीर झालं आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. दगड, अश्रुधूर, संचारबंदी, गोळीबार. त्या गडबडीत एका दुपारी साडेतीनच्या सुमारास समोरच्या इमारतीतला कोंडीराम गेला. कोंडीराम रातपाळीचा कामगार, दिवसा झोपणारा. आवाजाने जाग आली म्हणून पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खोलीबाहेर आला, कठड्यावर वाळत घातलेली गोधडी ओढायला लागला आणि गोळी लागून तिथेच कोसळला. चौघांनी त्याला उचलून खाली रस्त्यावर नेलं. गाडी मिळेना. फाटकाजवळच्या फुटपाथवर त्याने प्राण सोडला. गॅलरीतलं रक्त बायकांनी त्याच संध्याकाळी धुऊन काढलं, फुटपाथवरचं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सरकारी निवेदन आलं: फाटकाजवळच्या जमावातून दगडफेक करणारा एक इसम ठार.

कोंडीरामला पडताना पाहिलेला माणूस एकच. त्याच्या समोर, ह्या बाजूच्या इमारतीत, त्याच उंचीवरच्या गॅलरीत उभा असलेला गुणाजी.

आता गुणाजी बघायचा कसा, ते सांगायला हवं. पोटासाठी तो एका गिरणीच्या डिझाइन खात्यात साड्यांचे काठ-पदर काढायचा. तिथल्या म्हाताऱ्या हेडने त्याला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, "बुट्टी कोणीही काढील. दोन बुट्ट्यांमधली रिकामी जागा चुकली, की अख्खा तागा फुकट." हे वाक्य त्याच्या डोक्यात असं बसलं, की पुढे घरी कॅनव्हास लावला तरी त्याला आधी ती मधली जागाच दिसायची. हळूहळू चित्रांतून माणसं गळाली. झाडं गळाली. उरले रंगांचे पट्टे, चौकोन, त्यांच्या एकमेकांना टेकणाऱ्या कडा. समोरची पिवळी भिंत तो तासन् तास बघायचा. सावली तिच्यावर चढली की पिवळा कसा मातकट होतो, बाजूचा निळा त्याला पुढे ढकलतो की मागे ओढतो, आणि दोघांत जागा किती. चाळीत म्हणायचे, "गुण्या हल्ली फरश्या रंगवतो."

त्या दुपारीही त्याच्या डोळ्यांनी हेच केलं होतं. समोर माणूस पडत होता आणि हा रंग बघत होता. ह्याची त्याला इतकी लाज वाटत होती, की त्याने ते बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

राजाराम कात्रण ठेवून गेला. तासाभराने शेवंती आली, कोंडीरामची बायको. कडेवर तान्ही पोर होती. ललिताने, गुणाजीच्या बायकोने, तिच्यासाठी पाट टाकला, पण ती दारातच उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "मी आत भाकरी थापत होते. आवाज झाला, दार ढकलून बाहेर आले तर हे पडलेले. मला कायबी दिसलं नाही. त्या माणसाचं तोंड मला बघायचंय. एकदाच. तुम्ही बघितलंय, तुम्ही दाखवा."

गुणाजीच्या तोंडून 'नाही' निघेना. पोरीला सावरत ती गेली.

त्याने कोळसा उचलला. चार वर्षांनी हात चेहऱ्यावर बसतो की नाही, ही शंका पहिल्या दोन मिनिटांतच फिटली. टोपीची कड, तिच्याखालचा अंधार, ओठांची मुडप. कात्रणात नव्हता तो क्रूरपणा कागदावर आपोआप उतरला. अर्ध्या तासात कागदावरून एक माणूस खोलीत रोखून बघू लागला.

ललिता चहा घेऊन आली आणि कप हातातच धरून थांबली. "असा होता तो?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी पाहिलाच नाही त्याला."

ललिताने कप खाली ठेवला आणि ती चित्राजवळ आली. मग हळू आवाजात म्हणाली, "अहो, मी तर त्या दिवशी माहेरी होते. पण आता मलाही वाटायला लागलंय, की मी ह्याला पाहिलाय."

गुणाजीने कागद टेबलावरून उचलला. शेवंती हा चेहरा बघेल आणि जन्मभर डोळ्यांसमोर वागवील. आणि हा माणूस तो नसला तर? त्याने कागदाचे चार तुकडे करून चुलीत घातले. मग अडीच हाती कॅनव्हास भिंतीला टेकवला आणि त्या दिवशी जे दिसलं होतं तेवढंच लावायला घेतलं.

चार दिवस कामावरून आल्यावर तो तेच करत होता. चित्राचा बहुतेक भाग रिकामी पिवळी भिंत. खालून सावलीचा मातकट पट्टा चढत आलेला, त्याची कड कठड्याच्या तिसऱ्या खांबावर थांबलेली. तिच्या वर, उन्हात, बनियनचा एक पांढरा तुकडा. त्याला लागून गोधडीचा लाल. त्यांच्या मागे उभा, अखंड निळा चौकोन. आणि अगदी खाली, फाटकाच्या कोपऱ्यात, खाकीचा एवढासा तुकडा. वरचा पांढरा आणि खालचा खाकी ह्यांच्या मधली तिरपी जागा त्याने तीनदा खरवडून पुन्हा लावली. ती त्या दिवशी होती तेवढीच यायला हवी होती. बोटभर जास्त नाही, बोटभर कमी नाही.

शुक्रवारी राजाराम आला. चित्र पाहून त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"ह्यात माणूस कुठाय?"

"हा पांढरा."

"गुण्या, माणूस मेलाय! आणि तू मला पांढरा दाखवतोस?"

"मी पाहिलं ते एवढंच आहे, राजा. ह्याच्यात खोटं काही नाही."

"लोक काय म्हणतायत कळतंय तुला? तुला कोणीतरी गप्प बसवलंय म्हणतायत." राजारामचा आवाज फुटला. "मी त्याला खांदा दिलाय रे. आम्ही चौघांनी त्याला जिन्यावरून उतरवला, तेव्हा त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. दगडफेक्या म्हणून त्याला छापलंय, आणि तू रंग लावत बसलायस."

तो दार आपटून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर खडूने लिहिलेलं होतं: सरकारचा माणूस. ललिताने ते ओल्या फडक्याने पुसलं. नळावर गेली तर तिची बादली कोणीतरी रांगेतून बाहेर सरकवून ठेवली होती. ती पाणी न भरताच परत आली. गुणाजीला वाटलं, आता ही म्हणेल, काढा तो चेहरा आणि सुटा. ती म्हणाली, "रविवारी मीपण येते."

रविवारी चित्र जुन्या लुगड्यात गुंडाळून दोघं ट्रामने गिरगावात गेले. चौकशी सरकारी नव्हती. नागरिकांनीच नेमलेली तिघांची समिती एका वाचनालयाच्या हॉलमध्ये बसली होती. मधोमध एक निवृत्त न्यायाधीश, मान सतत कागदात. चाळीच्या बाजूने बाबुराव नावाचे वकील होते. चाळीतली माणसं पुढच्या बाकांवर दाटीने बसली. गुणाजीच्या बाकावर मात्र ललितापलीकडे कोणीच बसलं नाही.

तिघं साक्षीदार एकामागून एक उभे राहिले. तिघांनी कात्रणावर बोट ठेवून शपथेवर सांगितलं, हाच होता, ह्यानेच नेम धरला. शेवंती पुढे झुकून त्या कात्रणाकडे बघत होती.

न्यायाधीशांनी सगळं ऐकून घेतलं. मग समोरच्या गठ्ठ्यातून त्याच तारखेचं पूर्ण वर्तमानपत्र काढून उलगडलं. "कात्रणात ओळ कापली गेलीय," ते म्हणाले. "फोटोखाली छापलंय, दादर, दुपारी साडेतीन. त्या वेळी हा माणूस दादरला होता. मग लालबागला कसा?"

तिसरा साक्षीदार काहीतरी पुटपुटला आणि बसला. राजारामने डोकं हातांत धरलं. बाबुरावांचा चेहरा उतरला. आता चाळीच्या एका शब्दावरही कोणी विश्वास ठेवणार नव्हतं, आणि नेमकं त्याच वेळी गुणाजीचं नाव पुकारलं गेलं.

त्याने लुगडं सोडवून चित्र टेबलाला टेकवलं. समितीतला एक जण चष्मा पुसत म्हणाला, "हे काय आहे?"

"मी पाहिलं ते," गुणाजी म्हणाला. "चेहरे मी पाहिले नाहीत. कोणाचेच नाहीत. मला सवय नाही. मला रंग दिसतात आणि त्यांच्यातलं अंतर दिसतं. हा पांढरा म्हणजे कोंडीराम. तो सावलीच्या वर आहे, उन्हात आहे. फाटकाजवळ त्या वेळी ऊन नसतं. साडेतीनला ऊन फक्त पहिल्या मजल्यावर, तिसऱ्या खांबापर्यंत. तुम्ही येऊन बघा."

"आणि हे निळं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"त्याच्या खोलीचं दार."

"उघडं का बंद?"

गुणाजीने डोळे मिटले. पांढऱ्याच्या मागचा तो निळा त्याला पुन्हा दिसला, कुठेही न तुटलेला. "बंद. पोर झोपली होती, त्याने बाहेर येताना ओढून घेतलं असेल. उघडं असतं तर मधे काळोखाची पट्टी दिसली असती. ती नव्हती."

न्यायाधीशांनी पहिल्यांदाच कागदातून मान वर केली. "उद्या साडेतीनला आम्ही येतो."

सोमवारी समितीचे तिघं चाळीत आले तेव्हा दोन्ही इमारतींच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. गुणाजीने चित्र आपल्या कठड्यावर धरलं. समोरच्या भिंतीवर सावली सावकाश चढत होती. साडेतीन वाजायला दोन-तीन मिनिटं असताना ती तिसऱ्या खांबाशी आली. न्यायाधीश एकदा चित्र बघत, एकदा भिंत. मग म्हणाले, "पण मला ते निळं दिसत नाहीये."

खरंच दिसत नव्हतं. त्या चाळीत खोल्या लहान म्हणून दारं बाहेर उघडणारी. शेवंतीचं दार बाहेरच्या भिंतीला सपाट टेकलेलं होतं आणि दिसत होती ती त्याची आतली, न रंगवलेली बाजू. कोंडीराम गेल्यापासून ते मिटलंच नव्हतं. दिवसभर भेटायला येणारे, आणि गावाहून आलेले पाहुणे गॅलरीतच झोपणारे.

"बाई, दार लावून घ्या," न्यायाधीशांनी हाक दिली.

शेवंतीने दार भिंतीपासून सोडवलं आणि ओढून घेतलं. निळा चौकोन पुरा झाला. आणि त्या निळ्यात, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, एक भोक होतं. कडेचा रंग उडून आतलं लाकूड पिवळं दिसत होतं.

मग राजाराम धावत जिना चढला, भोकाजवळ गेला, पण त्याला हात लावायचं धैर्य होईना. बाबुरावांनी सुतार बोलावला. सागाच्या फळीतून गोळी निघाली, ती खालून वर, तिरपी घुसलेली होती. न्यायाधीशांनी जागच्या जागी लिहून घेतलं: मयत इसम आपल्या दारात उभा होता.

सरकारने निवेदन बदललं नाही. पण समितीचा अहवाल छापून निघाला आणि चाळीच्या फाटकावर तो त्या वाक्याखाली रेघ ओढून चिकटवला गेला. राजाराम आठ दिवस गुणाजीला टाळत राहिला. मग एका सकाळी नळावर त्याने ललिताची बादली स्वतः भरली आणि वर आणून ठेवली.

शेवंती आली ती त्यानंतर. ह्या वेळी ती पाटावर बसली.

"दगडफेक्या म्हणत होते, ते पुसलं गेलं," ती म्हणाली. "पण त्या मारणाऱ्याचं तोंड काय मला मिळालं नाही, भावजी."

"नाही, वहिनी. माझ्याकडे ते नव्हतंच."

तिने मान हलवली. तिला हे पटलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मग ती म्हणाली, "ह्यांचा फोटोबी नाही एक. पोर मोठी होऊन विचारील, बाप कसा होता, तर मी काय दाखवू? तुम्ही काढाल?"

गुणाजीने कोंडीरामचा चेहरा आठवून बघितला. दहा वर्षांचा शेजार, आणि नाक कसं होतं तेही धड सांगता येईना. फोटो नाही, आधार नाही. पण चुलीत जळलेल्या त्या कागदासारखं बनवून काही काढायचं नाही, एवढं त्याला ठाऊक होतं.

"वहिनी," तो उठत म्हणाला, "ते घरी बसायचे कुठे?"

"खिडकीखाली. पाय लांब करून."

"चला, मला ती जागा दाखवा."