असल्यास, नसल्यास

एकोणीस वर्षं मी मंत्र्यांसाठी ‘नाही’ लिहिलं. पाच मंत्री झाले, त्यांतले एक तर दोनदा झाले, पण माझ्या उत्तरामुळे कुणाचीही सभागृहात शोभा झाली नाही. याचा मला अभिमान होता. उगाच विनय कशाला दाखवू?

आमचं सरकार छोटं, एका प्रदेशापुरतं. सैन्य, चलन आणि परदेशी पाहुणे राजधानीतल्या सरकारकडे. शाळा, रस्ते आणि दवाखाने, म्हणजे ज्यांच्यावरून लोक खरोखर चिडतात ते सगळं, आमच्याकडे सोपवलेलं. त्यावर निवडून आलेल्या सदस्यांनी प्रश्न विचारायचे आणि मंत्र्यांनी उभं राहून उत्तरं वाचायची. आरोग्यमंत्र्यांची उत्तरं तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून ठेवलेल्या टेबलावर तयार होत. ते टेबल माझं.

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. पहिला भाग: अमुक झालं, हे खरे आहे काय? दुसरा: असल्यास, त्यामुळे लोकांचे हाल होत आहेत काय? तिसरा: असल्यास, काय कारवाई केली? चौथा: नसल्यास, विलंबाची कारणे काय? नवखे सदस्य शेवटच्या दोन भागांवर जीव ओततात. खरी मेख पहिल्या भागात असते. तिथे ‘हे खरे नाही’ म्हणता आलं, की खालच्या सगळ्यांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं लिहायचं आणि चहा प्यायला जायचं. म्हणून प्रश्न हातात आला की लोकांचं काय दुखतंय हे मी बघत नसे. तारीख, आकडा, हुद्दा, इमारतीचं नाव, यांतलं काय चुकलंय ते बघत असे. काहीतरी चुकलेलं असतंच. सदस्य बिचारे लोकांकडून ऐकून लिहितात, आणि लोक काही सरकारी कागद बघून आजारी पडत नाहीत.

एकेचाळीस क्रमांकाचा प्रश्न एका नव्या सदस्यबाईंचा होता. निवडून येण्याआधी त्यांनी तीस वर्षं बाळंतपणं केली होती, म्हणून इमारतीत पाठीमागे सगळे त्यांना सुईणबाई म्हणत. एकदा एकजण तोंडावरच म्हणून गेला, तर त्यांनी ‘काय, कळा येतायत का?’ असं विचारून त्याला गार केलं होतं. त्यांचा प्रश्न असा होता: डोंगराकडच्या गावातल्या सरकारी रुग्णालयाचं डायलिसिस युनिट गेल्या महिन्याच्या चार तारखेपासून बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, रुग्णांना त्यासाठी नव्वद किलोमीटर जावे लागते काय? असल्यास, ते कधी सुरू होणार? नसल्यास, विलंबाची कारणे काय?

ते युनिट मला माहीत होतं. माझा दादा सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी चार-चार तास तिथे पडून असायचा. दादाने जन्मभर वेल्डिंग केलं. मूत्रपिंडं गेली तरी जीभ शाबूत होती. युनिट बंद झाल्यापासून वहिनी दर रविवारी फोनवर म्हणायची, “वन्सं, तुम्ही त्याच खात्यात ना? सांगा की कुणाला तरी.” मी म्हणायचे, “वहिनी, ती फाईल माझ्याकडे येत नाही.” ते खरंच होतं. आता ती आली.

मी रुग्णालयाकडून अहवाल मागवला. तंत्रज्ञाला बढती मिळाली, तो दुसरीकडे गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. चारही यंत्रं धडधाकट, चालवायला माणूस नाही. सबब, युनिट एक तारखेच्या दुपारपासून तात्पुरतं स्थगित.

उपसचिवांनी अहवालावरून नजर फिरवली. यंत्रं राजधानीतल्या सरकारने दिलेली होती, त्यामुळे आधी त्यांना हा प्रश्नच तिकडच्या गळ्यात मारायचा होता. पण ती चालवणारा माणूस आपला होता, म्हणून ते जमेना. मग त्यांचं बोट तारखेवर थांबलं.

“एक तारीख! बाई, त्या चार म्हणतायत. चार तारखेपासून बंद? हे खरे नाही. सुटलो.”

मी लिहिलं. चार ओळी. हात आपोआप चालला. खोटं कशाला बोलू, लिहून झाल्यावर नेहमीचं समाधानही वाटलं. दादाचा विचार मनात आला नाही असं नाही, पण तो आला आणि गेला.

रविवारी फोन केला तर दादा भलताच खुशीत होता.

“बारके, आता तुझ्या मंत्र्याची फजिती बघ. आमच्या बाईंनी प्रश्न टाकलाय. तारीखबिरीख सगळी माझ्याकडून घेतली. सोमवारी चार तारखेला गेलो, तर दाराला हे एवढं कुलूप!”

शुक्रवारी, एक तारखेला, सकाळच्या पाळीत त्याचं डायलिसिस झालं होतं. दुपारी युनिट बंद झालं आणि त्याला कळलं सोमवारी. कुलूप दिसलं तो दिवस त्याने बाईंना सांगितला. त्याच्या जागी मी असते तर मीही तोच सांगितला असता.

“प्रवासाचा त्रास होतोय का?” मी विचारलं.

“कमी केला. आता दोनदाच जातो. नव्वद जायचं, नव्वद यायचं, तिसऱ्या वेळी जीवच नको म्हणतो. दोनदा पुरतं गं.”

मग वहिनीने फोन घेतला आणि ती आतल्या खोलीत गेली असावी, कारण तिचा आवाज बारीक झाला. “पुरत नाही हो. पाय बघवत नाहीत, इतके सुजलेत. आडवं झालं की दम लागतो, खुर्चीत बसूनच झोपतात. डॉक्टर म्हणाले, असं फार दिवस चालणार नाही.”

मला भीती वाटली. मी लिहिलेल्या चार ओळी सभागृहात वाचल्या गेल्या की युनिटचा विषय पुढच्या अधिवेशनापर्यंत मिटणार होता, म्हणजे चार महिने. प्रश्न छापून झाला होता, त्यामुळे त्यातली तारीख आता सुईणबाईंनाही बदलता येणार नव्हती.

सोमवारी मी उत्तर नव्याने लिहिलं. ‘हे अंशतः खरे आहे. युनिट चार नव्हे, एक तारखेपासून बंद आहे.’ उपसचिवांनी ते वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“बाई, बरं नाही का? आयते सुटत असताना स्वतःहून मान कशाला द्यायची?”

“तिथे माझा भाऊ जातो,” मी म्हणाले.

ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, दादाचं वय विचारलं. मग म्हणाले, “मग तर तुम्ही यात पडूच नका. उद्या कुणी म्हणेल, घरचं काम केलं.” आणि जुनं उत्तर सहीला पाठवून दिलं.

प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्र्यांच्या मागे, कठड्याआड, आम्ही अधिकारी बसतो. छापील उत्तर वाचून झालं की सदस्याला एक पुरवणी प्रश्न विचारता येतो. तो काय असेल हे आधी ठाऊक नसतं. तो आला की मंत्री मागे न बघता हात मागे करतात, आम्ही हातात चिठ्ठी ठेवतो आणि ते ती वाचतात. आमचे मंत्री माझी चिठ्ठी आधी मनात वाचून बघत नसत, थेट मोठ्याने वाचत. ही सवय त्यांना मीच लावली होती. माझ्या चिठ्ठीत आजवर कधी खडा लागला नव्हता.

“हे खरे नाही,” मंत्र्यांनी वाचलं. “प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न उद्भवत नाही.” त्यांच्या बाजूच्या बाकांवर थोडा हशा पिकला.

सुईणबाई उभ्या राहिल्या. दुसरं कुणी असतं तर ‘खरं कसं नाही?’ म्हणून भांडलं असतं, आणि अध्यक्षांनी ‘उत्तर आलेलं आहे’ म्हणून खाली बसवलं असतं. बाई हातातल्या कागदाकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग साध्या आवाजात म्हणाल्या, “काल तिथे किती जणांचं डायलिसिस झालं?”

मंत्र्यांचा हात मागे आला.

उपसचिव माझ्या कानाशी लागले. “माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल. लिहा.”

हे वाक्य मी झोपेतही लिहू शकते. माहिती पटलावर येईपर्यंत अधिवेशन संपलेलं असतं. मंत्र्यांचा तळहात माझ्यासमोर उघडा होता. त्यांचा माझ्यावर विश्वास होता आणि मी त्याचा गैरफायदा घेणार होते, हे मला लिहितानाच कळत होतं. मी लिहिलं, घडी घातली आणि दिलं.

“अध्यक्ष महोदय,” मंत्र्यांनी नेहमीच्या भरदार आवाजात वाचलं, “एकाचेही नाही. युनिट एक तारखेपासून बंद आहे.”

आणि ते खाली बसले. बसल्यावर त्यांना समजलं.

पुढची दहा मिनिटं जो गदारोळ झाला तो इतिवृत्तात आहे, ज्यांना हौस आहे त्यांनी वाचावा. अध्यक्षांनी मंत्र्यांना पुन्हा उभं केलं. महिनाभरात युनिट सुरू करू, असं आश्वासन नोंदवून घेतलं, तेव्हा कुठे सभागृह शांत झालं.

मंत्री मला ओरडले नाहीत. बाहेर व्हरांड्यात थांबून म्हणाले, “बाई, तुम्ही?” इतकंच. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आठवड्याच्या आत माझी बदली तळघरातल्या अभिलेख कक्षात झाली. माझ्या टेबलावर नव्या बाई आल्या, हुशार, अक्षर सुरेख. दोन दिवस बसून मी त्यांना सगळं समजावून दिलं. आधी तारीख बघा, मग आकडा, मग जागा. काहीतरी चुकलेलं असतंच. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

दादाला चिठ्ठीचं काही सांगितलं नाही. तो फोनवर एवढंच म्हणाला, “बारके, माझी तारीख चुकली होती म्हणे. मग जिंकलो कसे आपण?”

“बाईंनी नीट विचारलं,” मी म्हणाले.

एका महिन्याचे बेचाळीस दिवस झाले. तंत्रज्ञ आला, त्याने यंत्रांवरची आच्छादनं काढली, सुईणबाई स्वतः जाऊन बघून आल्या. दादा त्याच्या अकरा दिवस आधी गेला. बुधवारी सकाळी, नव्वद किलोमीटरच्या गाडीची वाट बघत, शर्टाची बटणं लावून खुर्चीत बसला होता. वहिनी डबा भरून बाहेर आली तेव्हा तो उठला नाही.

पुढच्या अधिवेशनात सुईणबाईंनी पुन्हा प्रश्न टाकला. डोंगराकडचे डायलिसिस युनिट बंद राहिल्याने त्या कालावधीत रुग्ण दगावला, हे खरे आहे काय? त्या दिवशी तिसऱ्या क्रमांकावरच तास संपला, बाईंचा प्रश्न पुकारलाच गेला नाही, त्यामुळे पुरवणी विचारायची वेळ आली नाही. उत्तर नुसतं छापून आलं. बाईंनी त्याची एक प्रत वहिनीला पाठवली आणि वहिनीने मला दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, फोन केला.

“वन्सं, ह्यात काय लिहिलंय ते कळत नाही. वाचू?” तिने एकेक शब्द लावत वाचलं. “‘हे खरे नाही. सदर कालावधीत सदर युनिटमध्ये एकही रुग्ण दगावलेला नाही.’ म्हणजे? हे गेले नाहीत का मग?”

“युनिट बंद होतं ना वहिनी,” मी म्हणाले. “आत कुणी नव्हतंच. म्हणून आत कुणी गेलं नाही.”

तिच्यामागे कुठेतरी नळ चालू होता.

“असं लिहायला सुचतं तरी कुणाला हो?” वहिनी म्हणाली.

“मला,” मी म्हणाले. “मला सुचलं असतं.”