लार्टे मास्तर कोणाच्या खात्यात?

घानातल्या आक्रा शहरातल्या त्या हॉस्पिटलात हृदयाची बायपास दोन पद्धतींनी व्हायची. एक जुनी, हृदय थांबवून आणि रक्त यंत्रातून फिरवत. दुसरी सर्जन प्रोफेसर ओफोसुहेनेंची लाडकी, धडधडत्या हृदयावरच. दोन्हींचे निकाल ताडून पाहायचं काम संख्याशास्त्रज्ञ एन्योनामकडे होतं. प्रोफेसरांना परिषदेत सांगायचं होतं की त्यांच्या पद्धतीनं मृत्यू निम्म्यावर येतात.

आकडेही तसंच म्हणत होते. पण यंत्राच्या बाजूच्या मृतांत लार्टे मास्तरांचं नाव दिसलं आणि एन्योनाम थबकली. ओसू वस्तीतले हे निवृत्त शिक्षक अभ्यासासाठी संमतीची सही करताना तिला म्हणाले होते, "पोरी, वर्गात ओरडून दमलंय हे हृदय, पण थांबवू नका म्हणावं." त्यांना न थांबवताच करायच्या शस्त्रक्रियेसाठी आत नेलं होतं.

ती तडक प्रोफेसरांच्या खोलीत गेली.

"सर, लार्टे मास्तर या बाजूला कसे?"

"मध्येच ब्लडप्रेशर कोसळलं. घाईनं यंत्रावर घ्यावं लागलं. यंत्रावर गेले, म्हणून यंत्राकडे. यात काय चुकलं?"

"असे आणखी किती जण हलवलेत?"

"हलवावे लागले तेवढे." ते हसले. "तू आकडे बघ गं, माणसं मी बघतो."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. "म्हणजे तुमच्याकडे बिघडलं, की मेलेला माणूस शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकायचा! सुरुवात ज्या पद्धतीनं ठरली, त्याच पद्धतीकडे तो मोजायचा असतो. आणि किडनी गेलेले, मधुमेहानं पोखरलेले तर तुम्ही आधीच यंत्राकडे ढकललेत. वय आणि आजार सारखे असलेल्यांच्या जोड्या लावून मगच तुलना होते, सर."

"लाव की जोड्या. माझं भाषण तयार आहे."

तिनं जोड्या लावल्या. हलवलेल्या प्रत्येकाला मूळ जागी ठेवलं. दोन पद्धतींत सांगण्याजोगा फरकच उरला नाही. प्रोफेसरांनी ते पान वाचलं आणि शोधनिबंधावरून तिचं नाव काढून टाकलं.

परिषदेत टाळ्या थांबायच्या आत ती उभी राहिली. "मध्येच यंत्रावर घेतलेले रुग्ण कुणीकडे मोजलेत?"

"ती बारीकसारीक तांत्रिक बाब आहे, मॅडम."

"ती बाब ओसूच्या कबरीत आहे!" तिचा आवाज चिरकला. मग कुमासी शहरातून आलेल्या एक वयस्क सर्जन बाई माईकवर म्हणाल्या, "सांगा ना प्रोफ, आम्हालाही ऐकायचंय." प्रोफेसर पाण्याचा ग्लास शोधत राहिले.

महिन्याभरात शोधनिबंध मागे घेतला गेला. एन्योनामचा करार मात्र वाढवला नाही. माफी कुणीच मागितली नाही. हॉस्पिटलच्या पत्रकात निबंध मागे घेण्याबद्दल एवढंच होतं: तांत्रिक कारणास्तव.

"तांत्रिक?" तिनं फोन उचलला आणि थेट संचालकांना लावला. "हा शब्द आधी बदला. मगच मी फोन ठेवते."